हात वर केला की यंत्र बंद

५ फेब्रुवारी

आज सूनबाई मला वर्कशॉपमध्ये घेऊन गेली. या वयात कानांवर आवाज अडवणारी वाटीएवढी बोंडं, डोळ्यांवर प्लास्टिकचा चष्मा, केस घट्ट बांधलेले, बाह्या कोपरापर्यंत चढवलेल्या आणि गळ्यातली साखळी काढून पिशवीत. आरशात बघितलं असतं तर मीच मला ओळखलं नसतं.

वर्कशॉप म्हणजे बंद पडलेल्या छापखान्याची मागची मोठी खोली. हौशी लोकांनी मिळून भाड्याने घेतलेली. यंत्रं सगळ्यांची, तसा झाडूही सगळ्यांचा. माझा मुलगा इथला सभासद होता. टेबल करायचं म्हणून त्याने फळ्या आणल्या, खडबडीत आणि चांगल्या जाड. 'आई, नातवंडं त्यावर चढून नाचली तरी हलणार नाही असं करतो,' म्हणाला होता. फळ्या भिंतीशी रचून ठेवल्या आणि गेल्या वर्षी तापाचं निमित्त होऊन तोच गेला. नातवंडं नाहीतच. फळ्या राहिल्या.

आता ते टेबल सूनबाई करणार आहे. तिला दुसऱ्या शहरातल्या चष्म्याच्या मोठ्या दुकानात नोकरी मिळाली आहे, मार्चअखेर हजर व्हायचंय. 'टेबल झालं की निघेन, आई. ते बरोबर नेईन,' असं परवा म्हणाली. मी 'हो का, छान' म्हणून भांडी विसळत राहिले. घरात मग मी एकटीच. पण तो विचार आज नको.

यंत्राचं नाव थिकनेस प्लॅनर, पण सगळे त्याला नुसतं रंधा म्हणतात. फळी एका बाजूने घालायची. आतले रूळ ती ओढून घेतात, वर गरगर फिरणारी पाती तिचा थर काढतात आणि पलीकडून ती गुळगुळीत होऊन बाहेर येते. शाळेचे गणवेश शिवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे स्वतःहून कापड ओढणारं यंत्र मला नवीन नाही. 'फक्त हे यंत्र बाही, केस, बोट सगळ्यालाच लाकूड समजतं,' असं फिटर म्हणाले. ते पूर्वी कारखान्यात फिटर होते, आता इथली देखरेख करतात. त्यांना सगळे फिटरच म्हणतात.

रंधा एकट्याने चालवायचा नाही. फळी घालणाऱ्याला ऐकू येत नाही आणि पलीकडे निघालेली फळी दिसत नाही, म्हणून बाहेरच्या बाजूला जोडीदार हवाच. त्याने फळी ओढायची नाही, नुसती झेलायची. दोघांनीही फळीच्या रेषेत उभं राहायचं नाही, कारण कधी कधी ती उलटी फेकली जाते. वाकून आत डोकवायचं नाही. आणि जोडीदाराला काही खटकलं तर त्याने हात वर करायचा. हात वर केला की यंत्र बंद. का, कशाला, ते पाती थांबल्यावर.

'खटकलं म्हणजे नक्की काय?' मी विचारलं.

'बाई, तुम्हाला खटकलं म्हणजे खटकलं. त्यात कुणी रागवायचं नाही.'

मला हा नियम फार आवडला. आमच्या घरात असा नियम कधी नव्हता.

९ फेब्रुवारी

आज पहिली फळी. फिटरांनी आधी तिच्यावरून लोहचुंबक फिरवायला लावलं, खिळा असेल तर पात्यांचे तुकडे उडतात म्हणून. मग चाक अर्धा फेराच फिरवायचं, एका वेळी कागदाच्या पुठ्ठ्याएवढाच थर काढायचा. हावरेपणा केला तर यंत्र अडकतं. सूनबाईने फळी घातली आणि मला तिच्या उजव्या हाताची बाही घसरलेली दिसली. मी हात वर केला. तिने लाल बटण दाबलं.

'शाबास,' फिटर म्हणाले. 'बाही बघितलीत. लोक फळीच बघत बसतात.'

इतक्या वर्षांत मला शाबास म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं. घरी येईपर्यंत तो शब्द डोक्यात घोळत होता.

एक झालं. यंत्र मधेच थांबलं की थांबता थांबता पाती लाकडात एक आडवी रेघ उमटवतात. नखाला लागते. ती घालवायला फळी पुन्हा एकदोनदा घालावी लागते. असू दे. रेघेपेक्षा हात महत्त्वाचा.

१२ फेब्रुवारी

आज तीनदा हात वर केला. एकदा फळीतली गाठ सैल वाटली, निघाली पक्की. एकदा आवाज बदलल्यासारखा वाटला. तिसऱ्यांदा सूनबाईच्या कपाळावर बट आली होती, म्हणजे येईल असं वाटलं. तिने तिन्ही वेळा मुकाट्याने बटण दाबलं.

शेजारच्या टेबलावर वकीलबाई पक्ष्यांची घरटी ठोकत असतात. त्यातल्या एकाचंही भोक गोल नाही. म्हणाल्या, 'मावशी, असा हात वर करून न्यायाधीशांना गप्प करता आलं असतं ना, तर मी एकही खटला हरले नसते.' सगळे हसले. सूनबाई हसली नाही, खडूने फळीवर खुणा करत राहिली.

घरी आल्यावर तिने विचारलं, 'आई, दुसऱ्यांदा कशाला थांबवलंत?'

'आवाज बदलला होता.'

'तुमच्या कानांवर बोंडं होती ना?'

'अगं, पायाखालून कळतं.'

'हो का,' म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालायला गेली. गुणी आहे. शब्दाला शब्द देत नाही. हा गुण माहेरून आणला असणार, आमच्याकडचा नाही.

१८ फेब्रुवारी

तिने आज कपाट आवरायला काढलं. त्याचे शर्ट पलंगावर मांडले आणि म्हणाली, 'यातले तुम्हाला कुठले हवेत, आई?' मी म्हटलं, सगळे. मग म्हटलं, तुला हवे ते घे. मग दोघी त्या शर्टांकडे बघत बसलो आणि शेवटी तिने ते होते तसे परत कपाटात टांगले.

काम हळूहळू चाललंय. एक फळी होते तोवर दुपार संपते. या गतीने मार्चअखेर टेबल होईलसं दिसत नाही. तिला तसं म्हटलं तर ती माझ्याकडे बघत राहिली. मला काय, मी आपली डोळ्यांत तेल घालून उभी असते. दुकानवाल्यांना घाई असेल, आपल्याला हातपाय शाबूत हवेत.

२४ फेब्रुवारी

आज फिटरांनी मला चारचौघांत बोल लावला. चारचौघांत म्हणजे वकीलबाईंसमोर, पण ते एकच.

ते फळ्यांची जाडी मोजत होते. दोन जबड्यांची ती पकड असते, त्यात फळी धरून वाचतात. दोनदा मोजलं, मग म्हणाले, 'पोराने चांगला जाड माल आणला होता. एवढं लाकूड गेलं कुठे?'

'रेघा घालवण्यात गेलं,' सूनबाई म्हणाली. एवढंच.

फिटर मला पलीकडे, वकीलबाईंच्या टेबलापाशी घेऊन गेले. 'बाई, तुमचा हात फार उठतो.'

'तुम्हीच म्हणालात ना, खटकलं की वर करा?'

'म्हणालो. पण उगाच उठलेला हात न उठलेल्यापेक्षा वाईट. माणूस सरावतो. मग खरोखर गरज असते तेव्हा तुमच्याकडे कुणी बघत नाही. आणि सारखं अर्ध्यात थांबवायचं, फळी काढायची, परत घालायची, त्यातच बोटं जातात.'

मला भयंकर राग आला. नियम यांचा, शाबासकी यांची, आणि आता दोष माझा. त्याच्या फळ्या माझ्यामुळे पातळ झाल्या असं कुणी मला सांगायचं? मी त्याची आई आहे. घरी येताना सूनबाईशी बोलले नाही.

२५ फेब्रुवारी

आज ती बोलली. जेवताना, ताटाकडे बघत.

'आई, टेबल कितीही पातळ झालं तरी मी जाणार आहे.'

'मी कुठे काय म्हटलं?'

'तुम्ही काहीच म्हणत नाही. एकदा तोंडाने म्हणा ना, जाऊ नकोस. मग आपण बोलू तरी.'

'मी का म्हणू? तुझं आयुष्य आहे, तू तरुण आहेस. मी कुणाच्या वाटेत आडवी येणारी बाई नाही.'

'मग हातही खाली ठेवा,' ती म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

ती काय बोलली हे मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातला घास हातात राहिला. केवढा हा गैरसमज! मी तिच्या बोटांसाठी जीव टांगणीला लावून उभी राहते, आणि ही म्हणते की मी तिला अडवते. माणसाने चांगलं वागायचं तरी किती? कानाला खडा. आता माझ्या डोळ्यांदेखत काही झाल्याशिवाय हात उठणार नाही. मग कळेल तिला.

२ मार्च

हात एकदाही वर केला नाही. एका दुपारी तीन फळ्या झाल्या. लाकूड आतून मधाच्या रंगाचं निघालं आहे, त्याने हे बघितलंच नाही. सूनबाईचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसला. फिटरांनी लांबून मान हलवली.

मात्र आता ती फळी घालताना माझ्याकडे बघत नाही. पूर्वी दर दोन क्षणांनी नजर टाकायची. फळ्या संपत आल्या आहेत, दोनच उरल्यात. मला जेवण गेलं नाही.

६ मार्च

आज अपघात झाला. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं. उद्या लिहीन.

७ मार्च

बोटं तुटलेली नाहीत. मोडली आहेत, मधलं आणि त्याच्या शेजारचं. प्लॅस्टर घातलंय. डॉक्टर म्हणाले, पात्यांपर्यंत गेली नाहीत हे नशीब.

असं झालं. फळी लांब होती, तिचं मागचं टोक जड होऊन खाली झुकलं होतं. सूनबाईने ते खालून उचलून धरलं. खालून कधी धरायचं नाही, हे फिटरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. रुळांनी फळी ओढली की ती यंत्राच्या टेबलावर आडवी आपटते आणि मधे बोट असेल तर चेंगरतं. फळी पुढे सरकत होती आणि तिची बोटं टेबलाच्या काठाशी येत होती. मी ती बघितली. स्पष्ट बघितली.

मी हात वर केला, तिने बघितला नाही. डॉक्टरांना तेच सांगितलं, फिटरांनाही.  त्यांनी भिंतीवरचा मुख्य खटका पाडला आणि ते फळी आत तशीच अडकलेली ठेवून दवाखान्यात आले.

१५ मार्च

मी तिचे केस विंचरते. बटणं लावते. ती डाव्या हाताने चमचा धरते तेव्हा अर्धं सांडतं, मग मीच भरवते. आधी लाजायची, आता तोंड उघडते. लग्न होऊन आली तेव्हासुद्धा आम्ही इतक्या जवळ बसलो नव्हतो. काल तिला माझ्या खांद्यावर झोप लागली आणि मी खांदा अवघडला तरी हलले नाही.

दुकानवाल्यांना कळवलंय. ते प्लॅस्टर निघेपर्यंत थांबायला तयार आहेत. सज्जन माणसं म्हणायची. फोन ठेवला तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. माझाही पडायला हवा होता.

मला तिचं हे दुखणं बरं वाटतंय असं मुळीच नाही. हे कुणी विचारलेलं नाही, तरी लिहून ठेवते.

२२ मार्च

झोप येत नाही, म्हणून जे खरं आहे ते लिहिते. मी हात वर केला नव्हता. करायला घेतला होता. बोटं दिसली आणि हात उठू लागला, आणि तेवढ्यात मनात आलं की ही खरी भीती की माझी नेहमीची? आणि त्याच्या मागोमाग हेही आलं की, कर आता वर, म्हणजे पुन्हा म्हणेल आई अडवतात. एवढा विचार करायला किती वेळ लागतो? तेवढ्यात झालं.

हे लिहिलं आणि सकाळी तिच्यासमोर बसले. म्हटलं, 'अगं, मी सगळ्यांना खोटं सांगितलंय.'

'माहीत आहे.'

'हात पूर्ण वर गेला नव्हता.'

'खांद्यापर्यंत आला होता,' ती म्हणाली. 'मला दिसला होता, आई.'

'तू तर बघत नव्हतीस.'

'बघत होते. रोजच बघत होते, फक्त तुम्हाला दाखवत नव्हते. खांद्यापर्यंत आलेला दिसला आणि मला वाटलं, झालं यांचं सुरू. बटणाशी डावा हात होता माझा. मी दाबलं नाही.'

मग ती रडली. इतक्या महिन्यांत माझ्यासमोर पहिल्यांदा रडली, तो गेला तेव्हाही बाथरूममध्ये जाऊन रडायची. मीही रडले. तरीही माझ्या तोंडून 'जाऊ नकोस' निघालं नाही, आणि या खेपेला तिनेही म्हणायला सांगितलं नाही.

३० मार्च

फिटरांकडे जाऊन खरं काय ते सांगितलं. त्यांना वाईट वाटलं असेल तर त्यांनी ते दाखवलं नाही. म्हणाले, 'मी तुम्हाला बोललो, म्हणून तुमचा हात अडला. त्यात माझाही वाटा आहे.' मला वाटलं होतं ते मला हाकलून देतील. दिलं असतं तर सोपं झालं असतं.

एक फळी बाकी आहे. ज्या फळीने बोटं मोडली ती त्यांनी बाहेर काढून पूर्ण केली. उरली ती शेवटची. सूनबाई म्हणते, 'आई, ती तुम्ही घाला. मी पलीकडे उभी राहते.'

मी म्हटलं, 'माझ्याने नाही होणार. फिटर घालतील.'

'त्याची फळी आहे. आपल्या दोघींपैकीच कुणीतरी घालायची.'

फिटर आठवडाभर मला टाकाऊ लाकडावर शिकवणार आहेत, आज सुरुवातही केली. हात वरून, चपटे. खालून कधीच नाही. कोपरापासून बोटांपर्यंतच्या लांबीपेक्षा आखूड तुकडा घालायचा नाही, तो दोन रुळांच्या मधे सुटतो. रुळांनी फळी पकडली की हात सोडायचा. ही शेवटची गोष्ट मला जमत नाही. माझे हात फळीबरोबर पुढे जातात आणि फिटर मनगट धरून मागे ओढतात. 'सोडा, बाई. आता ती तिची ती जाते.'

८ एप्रिल

प्लॅस्टर पुढच्या आठवड्यात निघेल. तिने तिकीट काढलं आहे.

आज शेवटची फळी घातली. वकीलबाई घरटी बाजूला ठेवून बघायला आल्या, आणि आज त्यांनी एकही विनोद केला नाही. पलीकडे फिटरांनी लाकडी घोडी लावली होती, म्हणजे सूनबाईला एका हाताने फळी झेलावी लागणार नाही. ती यंत्राच्या जरा बाजूला उभी राहिली. उजवा हात प्लॅस्टरमध्ये छातीशी, डावा मोकळा.

मी लोहचुंबक फिरवलं. चाक अर्धा फेरा फिरवलं. यंत्र पूर्ण वेगात येईपर्यंत थांबले. मग फळी टेबलावर ठेवली, हात वरून, चपटे, आणि पुढे सारली. रुळांनी ती पकडली तेव्हा तळहातांना धक्का कळला. मी हात सोडले.

त्यानंतर मला काही करायचं नव्हतं, फक्त तिच्या हाताकडे बघायचं होतं. घालणाऱ्याने जोडीदाराच्या हाताकडे बघायचं असतं, नियमच आहे. पण मी नियमासाठी बघत नव्हते. माझं बोट लाल बटणावर होतं. तिला काहीही खटकलं असतं तरी चाललं असतं. बाही, गाठ, आवाज, पायाखालचं काहीतरी. तिने हात नुसता खांद्यापर्यंत आणला असता तरी मी दाबलं असतं, आणि का म्हणून कधीच विचारलं नसतं.

ती माझ्याकडेच बघत होती. एकदाही फळीकडे बघितलं नाही. चष्म्यामागे तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला दिसलं नाही. तिचा डावा हात बाजूला तसाच राहिला.

फळी पूर्ण बाहेर आली आणि घोडीवर टेकली. मी यंत्र बंद केलं. पाती थांबेपर्यंत आम्ही चौघंही आपापल्या जागी उभे होतो. मग फिटरांनी फळी उचलून खिडकीकडे नेली, तिच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नख फिरवलं आणि मला बोलावलं. मीही नख फिरवून बघितलं. एकही रेघ नव्हती.